अनंत म्हणजे किती?



आषाढी करून आमची दिंडी पालेगावला परतली आणि कामिका एकादशीला देवळाच्या मंडपात हिशेबाची बैठक बसली. वही माझ्याकडे असते. गेली एकोणीस वर्षे आहे. भिशी किती जमली, शिधा किती लागला, ट्रकचे भाडे, तंबूचे, गॅसचे, पखवाजाला शाई भरल्याचे, सगळे त्या वहीत असते. वाचन संपत आले तेव्हा टँकर घेऊन आलेला आमच्याच गावचा मुलगा उभा राहिला. बरडच्या मुक्कामात पाणी गढूळ निघाले म्हणून त्याने रात्री दोन खेपा बाहेरून विकत आणल्या होत्या. एका खेपेला अठराशे, दोहोंचे तीन हजार सहाशे. पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले होते. पावती नव्हती. ठरलेल्या रकमेत हे धरलेले नव्हते. आणि वहीत शिल्लक होती दोन हजार एकशे.

मी वही मिटली आणि म्हणालो, “बाळा, देणारा अनंत आहे. त्याच्या दारात दोन खेपांचा हिशेब कशाला धरतोस?” मंडपात पुंडलिक वरदेचा गजर झाला. वाक्य छान बसले होते. मुलगा काही बोलला नाही. पांडुरंगाला नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे तोंड आठवत होते, पण त्याहून जास्त तो शब्द टोचत होता. अनंत. पन्नास वर्षे भजनात, कीर्तनात, आरतीत हा शब्द माझ्या तोंडी आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा मला व्यवहारात उपयोग झाला, आणि तो एका पोराचे तीन हजार सहाशे रुपये बुडवायला झाला. या शब्दाचा अर्थ काय, तो वापरायचा कुठे आणि कुठे वापरायचा नाही, हे त्यानंतर मी शोधत बसलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो. चुकले असेल तर माउलींनी सांभाळून घ्यावे.

आधी आपण हा शब्द किती ठिकाणी वापरतो ते पाहा. कोणी गेले की फलकावर लिहितो, अनंतात विलीन. सत्काराला उभे राहिलो की म्हणतो, आपले अनंत उपकार आहेत. देवापुढे म्हणतो, माझे अपराध अनंत आहेत. मुलाचे नाव अनंत ठेवतो आणि त्याला अंत्या म्हणून हाक मारतो, म्हणजे ज्याला अंत नाही त्यालाच अंत चिकटवतो. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला अनंताचे व्रत करतो आणि दोरकाला गाठी मारतो मोजून चौदा. आणि अंगणातले ते पांढरे सुवासिक फूल! सकाळी उमलले की घरभर दरवळते, पण दिवस दोन दिवसांत पिवळे पडते. इतक्या लवकर कोमेजणाऱ्या फुलाला आपल्या लोकांनी नाव दिले अनंत. कोणी आणि का दिले ते देव जाणे, पण देणारा रसिक होता खरा.

आणखी एक गंमत मला त्या रात्रीच सुचली. विष्णू ज्याच्यावर पहुडतो त्या नागाची नावे दोन, अनंत आणि शेष. शेष म्हणजे उरलेला. भागाकार केला की खाली जी बाकी राहते तिलाही आपण शेषच म्हणतो. म्हणजे आपल्या परंपरेत ज्याला अंत नाही त्याचे दुसरे नाव बाकी असे आहे. माझ्या वहीतही त्या दिवशी एक बाकी राहिली होती.

आता मूळ प्रश्न. अनंत म्हणजे किती? पहिले उत्तर सगळ्यांच्याच मनात येते, अनंत म्हणजे खूप मोठे. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे आपल्याच मातीतल्या एका माणसाने दाखवून ठेवले आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४. आपला गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. चाळीसगावजवळ पाटण म्हणून ठिकाण आहे, पाटणादेवीचे. तिथे त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. आपल्या योगी चांगदेवांशी याचा गोंधळ करू नका, हा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. त्या लेखाच्या अखेरीस जुन्या मराठीत, कोणत्या करांचे उत्पन्न मठाला लावून दिले आहे त्याची यादी आहे. आकाशातल्या ग्रहांचे गणित शिकवायचे, पण मठाच्या दिव्याला तेल कुठून येणार तेही दगडात कोरून ठेवायचे. मला ते फार आवडले.

तर या भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यांच्या स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र असे करत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, पुढे शंकू, जलधी. जलधी म्हणजे समुद्र. एकावर चौदा शून्ये झाली की मोजणाऱ्याला समुद्र दिसू लागला असावा. त्याच्या पुढच्या स्थानाचे नाव आहे अंत्य. अंत्य म्हणजे शेवटचे. आता खरे तर थांबायला हवे. पण अंत्यानंतर आहे मध्य, आणि मध्यानंतर परार्ध, एकावर सतरा शून्ये. माउली, इथे जरा थांबा. शेवटची म्हणून जिचे नाव ठेवले त्या संख्येच्या पुढेही दोन पायऱ्या आहेत. आणि परार्धात एक मिळवला तर आणखी पुढची संख्या मिळते. मोजणीला शेवट नाही हे खरे, पण मोजणीतली प्रत्येक संख्या स्वतः सान्त आहे. कितीही मोठी घ्या, तिला काठ आहे.

आपल्या पुराणांनीही मोठे आकडे भरपूर दिले. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. चार युगांचे मिळून एक महायुग, ४३,२०,००० वर्षांचे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षे. ऐकून छाती दडपते, पण ब्रह्मदेवाचाही दिवस मावळतो. आणि आपला पांडुरंग? तो अठ्ठावीस युगे उभा आहे. युग म्हणजे महायुग धरले तर १२,०९,६०,००० वर्षे होतात. भास्कराचार्यांच्या अंत्यापुढे हा आकडा चिमूटभरच.

मला आधी याचे नवल वाटायचे. देव अनंत, मग तो विटेवर अनंत काळ उभा आहे असे का म्हणत नाहीत? आता वाटते, अठ्ठावीस म्हटले म्हणूनच ते काळजाला भिडते. वाट पाहणारा माणूस दिवस मोजतो. लेक माहेरी यायची असली की आई दिवस मोजते. अनंत काळ वाट पाहिली असे म्हणणारा बहुधा मोजतच नसतो. पुंडलिकाने वीट फेकली आणि देवाने पुंडलिकासाठी आकडा पत्करला.

मग अनंत मोठे नाही तर आहे कसे? भास्कराचार्यांच्याच बीजगणितात खहर नावाची एक राशी येते. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य. ज्याला शून्याने भागले ती खहर. दृष्टांत असा घ्या. काल्याला बारा पेढे आले. प्रत्येकाला तीन दिले तर चौघांना पुरतात. एकेक दिला तर बाराजणांना. अर्धा दिला तर चोवीसजणांना. पाव दिला तर अठ्ठेचाळीस. तुकडा जितका लहान, तितके घेणारे जास्त. आणि तुकडा लहान होत होत काहीच नाही इतका झाला, तर? आजचे गणित म्हणते की शून्याने भागता येत नाही, तो प्रश्नच विचारू नका. शाळेत मास्तरही तेच सांगतात आणि त्यांचे बरोबर आहे. पण भास्कराचार्य त्या दारापाशी थांबून आत डोकावले. त्यांना दिसले की या राशीत काही मिळवा, काही वजा करा, तिच्यात फरक पडत नाही. आणि हे सांगताना, भर बीजगणितात, त्यांना अच्युत अनंत आठवला. प्रलयाच्या वेळी सारे जीव त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी तो भरत नाही की सरत नाही, तशी ही राशी, असे त्यांनी लिहिले.

मला वाटते अर्थाची किल्ली इथे आहे. अनंत हे मोजणीच्या रस्त्यावरचे शेवटचे गाव नाही. चालत चालत तिथे पोचता येत नाही. त्याची ओळख आकाराने पटत नाही, वागण्याने पटते. काढले तर कमी होत नाही आणि घातले तर वाढत नाही, ते अनंत.

हेच दुसऱ्या बाजूने पाहू. आपण दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करतो. दोन्ही रांगांत माणसे सारखी आहेत का हे कळायला विणेकऱ्याला मोजावे लागत नाही. प्रत्येकासमोर एक जोडीदार उभा आहे, कोणी एकटा उरला नाही, म्हणजे रांगा सारख्या. आता मनात एक वेगळी दिंडी उभी करा. डाव्या रांगेत एक, दोन, तीन, चार असे सगळे आकडे टाळ घेऊन उभे आहेत, कधीच न संपणारे. उजव्या रांगेत फक्त सम आकडे, दोन, चार, सहा, आठ. एकासमोर दोन, दोनासमोर चार, तिनासमोर सहा. कोणीच एकटा राहत नाही. म्हणजे दोन्ही रांगा सारख्या! पण उजव्या रांगेतले सगळे तर डाव्या रांगेतून उचललेले, निम्मे गाळून घेतलेले. निम्म्याने सगळ्याची बरोबरी केली.

गॅलिलिओ नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञाला असेच कोडे दिसले होते. त्याने १६३८ च्या आपल्या ग्रंथात ते लिहिले आणि म्हटले की मोठे, लहान, सारखे हे शब्द अनंताला लावूच नयेत. पुढे जर्मनीत गेऑर्ग कँटर झाला. त्याने १८७४ पासून या जोड्या लावण्याच्या कल्पनेवर अख्खे शास्त्र उभारले. काही अनंत रांगांच्या जोड्या लागतच नाहीत, म्हणजे एका अनंताहून दुसरे मोठे असू शकते, असेही त्याने सिद्ध केले. ते सगळे उलगडून सांगण्याची माझी पोच नाही. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कँटर श्रद्धाळू होता. गणितातल्या या अनंतांसाठी त्याने वेगळा शब्द घडवला आणि सर्वांपलीकडचे, ज्याला वाढ नाही असे जे अनंत, ते ईश्वराकडे ठेवले. दोन गोष्टींना एकच शब्द लावला तर घोटाळा होईल, ही त्याला काळजी होती.

ती काळजी आपण घेत नाही, म्हणून हा सगळा प्रपंच.

आमच्या पालेगावचेच पाहा. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरे होती. पावसाळ्यात मलंगगडावर ढग उतरले की लावणीला सुरुवात व्हायची. आज त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत. गुंठ्याचा भाव चढत गेला, कोणी विकले, कोणी थांबले, कोणी भावाशी कोर्टात गेले. नातवाच्या पुस्तकात मी वाचले की माणसाच्या गरजा अमर्यादित असतात. नातू म्हणाला, म्हणजे अनंत ना आजोबा? मी तेव्हा हो म्हणालो. आता म्हणणार नाही. हाव अनंत नसते. ती भास्कराचार्यांच्या अंत्यासारखी असते, हे शेवटचे असे म्हणायचे आणि पुढे आणखी दोन पायऱ्या काढायच्या. न संपणारे वेगळे आणि अनंत वेगळे. परीक्षा सोपी आहे. ज्याच्या गाठीला कोटी आहेत त्याच्या खिशातून शंभराची नोट काढून पाहा, त्याला कळते. अनंतातून काढले तर अनंताला कळत नाही. हाव नेहमी एकाने अपुरी असते, आणि अनंताला अपुरेपण कसे ते ठाऊकच नाही.

आता हीच परीक्षा माझ्या वाक्याला लावतो. देणारा अनंत आहे, असे मी म्हणालो. देव अनंत, यात शंका नाही. पण बरडला रात्री पाणी कोणी दिले? त्या मुलाने. त्याच्या खिशातून तीन हजार सहाशे गेले तेव्हा खिसा तेवढ्याने हलका झाला की नाही? झाला. दिवसभर गाडी चालवून तो त्या रात्री दोनदा बाहेर पडला, तेव्हा त्याची झोप तेवढी कमी झाली की नाही? झाली. म्हणजे जो देत होता तो सान्त होता. आणि ज्याच्याकडून यायचे होते ती दिंडीची थैली, तीही सान्त. दोन सान्त गोष्टींमधला साधा व्यवहार मी अनंताच्या नावावर टाकला आणि मोकळा झालो. देवाचे नाव मी खोटे घेतले नाही. खऱ्या नावाने खोटे काम केले, आणि ते अधिक वाईट.

इथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, बुवा, भक्ती म्हणजे हिशेब सोडणेच ना? तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ते काय उगाच? हा आक्षेप मी स्वतःला त्या रात्रीच घेतला होता, कारण त्याने माझी सुटका होत होती. पण कथा नीट आठवा. तुकोबांनी कोणते कागद बुडवले? लोक त्यांचे जे देणे लागत होते, ते. तेही सगळे नव्हेत. धाकट्या भावाला त्याचा निम्मा वाटा दिला आणि आपल्या वाट्याचे तेवढे नदीत सोडले. म्हणजे आधी मोजणी झाली, वाटणी झाली, भावाची पैही बुडाली नाही, आणि मग स्वतःचे येणे सोडले. येणे सोडणे हा वैराग्याचा भाग. मी सोडले ते देणे. दिसायला दोन्ही सारखीच, वही मिटली जाते. पण एकात स्वतःचे जाते आणि दुसऱ्यात परक्याचे.

नाथमहाराजांची गोष्ट तर तुम्ही कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक राहिली होती. एकनाथ रात्रभर दिवा लावून बसले आणि पहाटे ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी विचारले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर या संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! आपण कीर्तनकार दुसऱ्या अर्ध्यावर जोर देतो, पैला क्षुल्लक ठरवतो आणि पुढे जातो. माझे मत वेगळे आहे. गुरूंनी पै सोडून ये असे सांगितले नाही. ज्याला पै सापडेपर्यंत चैन पडत नाही त्यालाच मोठी चूक शोधायचे काम त्यांनी दिले. पैवर डोळेझाक करणारा शिष्य त्यांच्या काय कामाचा होता?

आणि नामदेवरायांचा संकल्प! परंपरा सांगते की त्यांनी शतकोटी अभंगांचा पण केला. शंभर कोटी. आपल्या भास्कराचार्यांच्या यादीत त्याला अब्ज म्हणतात, खर्वाच्या अलीकडचे स्थान. ज्याच्या गुणांना पार नाही त्याचे गुण गायचे, पण पण करायचा तो मोजून. तो पुरा झाला नाही. तीनशे वर्षांनी नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि जी बाकी राहिली होती ती त्यांच्यावर सोपवली. तुकोबांनीच हे स्वप्न अभंगात सांगून ठेवले आहे. म्हणजे शेष. देव इतका अफाट आहे, मग चार अभंग कमी पडले तर काय बिघडले, असे कोणी म्हटले नाही. बाकी पुढच्या माणसाच्या नावावर चढली आणि त्याने ती मान्य केली.

आपल्या संप्रदायात मोजणे किती आहे बघा. माळेत मणी १०८. वर्षाच्या एकादशा चोवीस, अधिक महिना आला तर सव्वीस. आळंदी ते पंढरी मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण ते ठरलेले. वाटेत कोणी क्रम मोडला तर केवढा वाद होतो ते तुम्ही पाहिले आहे. आणि तरी माळेला शेवटचा मणी नाही. मेरुमणी आला की उलटे फिरायचे. वारीलाही शेवटची वारी नाही. वारकरी जातो तो परत यायला आणि परत येतो तो पुन्हा जायला. मोजलेल्या मण्यांतून आणि मोजलेल्या मुक्कामांतूनच अनंताशी आपली गाठ पडते. मणी गाळून जप होत नाही.

तेच मला “अनंत उपकार” या शब्दांबद्दल वाटू लागले आहे. आईचे उपकार फिटत नाहीत, हे खरे. पण फिटत नाहीत म्हणून आपण जे फेडता येते तेही फेडत नाही. वर्षश्राद्धाला अनंत उपकार म्हणून डोळे पुसणारा मुलगा, आई असताना तिच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या का हे विचारत होता का? गोळ्या महिन्याच्या तीस असतात. मी हे दुसऱ्या कोणाबद्दल लिहीत नाही. माझी आई गेली तेव्हा तिच्या डबीत तीन गोळ्या होत्या आणि त्या दुकानातून मी किती दिवसांत आणल्या नव्हत्या ते मला माहीत आहे.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंबरनाथच्या देवळात गेलो. शिवमंदिर आमच्यापासून जवळ, वालधुनीच्या काठी. आम्ही हरीचे, पण हरिहरांत भेद करणाऱ्यातले नाही, आमच्या पांडुरंगाच्या मस्तकी शिवलिंग आहे. शिलाहारांच्या काळचे ते देऊळ, त्यावर शके ९८२ चा लेख आहे, म्हणजे इसवी सन १०६०. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला खाली वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. आपण देवाकडे जाताना चढतो, इथे जमिनीच्या पोटात उतरायचे. खाली अंधार, ओल, आणि पिंड. आणि वर पाहावे तर छत नाही, सरळ आकाश. पावसाळ्यात धार थेट देवावर पडते. अनंत शब्दाचा अर्थ कोणी मला डोळ्यांनी दाखव म्हणाला तर मी त्याला त्या गाभाऱ्यात नेईन आणि मान वर करायला सांगेन. पण नेईन पायऱ्यांनीच. एकेक पायरी पाहून, कारण त्या ओल्या असतात आणि एक चुकली तर माणूस पडतो. ज्यांनी हे आकाशाला उघडे घर बांधले त्यांनीही दगडात साल कोरून ठेवले.

तिथून निघालो तो टँकरवाल्या मुलाच्या घरी. तो दारात गाडी धूत होता. मला पाहून नळी बंद केली, हात पुसले, पाया पडू लागला. मी त्याला थांबवले. म्हणालो, “काल बैठकीत मी बोललो ते चुकीचे बोललो.” त्याने खाली बघितले. म्हणाला, “जाऊ द्या बुवा. माउलींचे काम होते.” मी खिशातून चार हजार काढले, माझेच होते, आणि म्हणालो, “ठेव सगळे.” त्याने नोटा मोजल्या. आत गेला. बायकोकडून चारशे घेऊन आला आणि माझ्या हातावर ठेवले.

“तीन हजार सहाशेच झाले होते,” तो म्हणाला. “आणि बुवा, हे तुमच्या खिशातून नको. दिंडीचे आहे ते वहीत लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी पाण्याचा खर्च कमी धरतील आणि बरडला परत तेच होईल.”

मला हे सुचले नव्हते. वही पिशवीतच होती. त्याच्या ओट्यावर बसून मी ती उघडली आणि कामिका एकादशीच्या पानावर, शिल्लक म्हणून लिहिलेले दोन हजार एकशे खोडून, खाली लिहिले: बरड मुक्काम, पाण्याच्या दोन खेपा, ३,६००. येणे नाही. देणे बाकी १,५००, ते माझ्याकडून उसने. त्याने वाचून पाहिले आणि सही केली.

श्रावणातल्या पहिल्या एकादशीला पुन्हा बैठक आहे. ते पान मला मंडपात मोठ्याने वाचायचे आहे.